हलका बाण

अल मन्सूरा, दोहा
५ एप्रिल २०२२

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. तुमचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. मोतीबिंदूमुळे तुम्हाला आता निशाण दिसत नाही, तेव्हा जूनपासून अमरावतीला येऊन वल्लरी आणि बाकीच्या अकरा पोरांचा तिरंदाजीचा वर्ग मी घ्यावा, असं तुम्ही लिहिलंत. उत्तर लांबवलं, कारण ते सोपं नाही.

इथे फुटबॉल वर्ल्ड कपच्या बांधकामांची घाई आहे. साइटवर ‘यल्ला’, म्हणजे चला, आणि ‘खलास’, म्हणजे संपलं, याखेरीज कुणी काही बोलत नाही. उकाडाही सुरू झालाय.

मार्चमध्ये चार दिवस सुटी होती. आमचा मॅनेजर दक्षिण आफ्रिकेचा. तिकडे त्याच्या भावाच्या रानात परवाना घेऊन धनुष्यबाणाने शिकार करतात. तिथे मॅनेजरच्या बाणाने एक हरणी जखमी झाली, असं मी आईला फोनवर सांगितलं. ते खोटं आहे. मीही गेले होते आणि बाण माझा होता.

तिथला माग काढणारा म्हातारा म्हणाला होता, “मॅडम, तुमचं धनुष्य कमी ताकदीचं आहे. जड बाण घ्या, पक्क्या दोन पात्यांचा.” राज्य पातळीवर दोन मेडलं घेतलेली मी, त्याचं कशाला ऐकेन? मी कागदावर शहाणपण पाजळलं. माझ्या हलक्या बाणाची ऊर्जा जवळजवळ जड बाणाइतकीच येत होती, वेग मात्र कितीतरी जास्त. वर पाती आत शिरताना उघडणारी, म्हणजे जखम रुंद. बाण किती आत घुसेल हे ज्यावर ठरतं, तो संवेग मी काढलाच नाही. तो पाव हिस्सा कमी होता, आणि पाती उघडण्यातही जोर खर्च होतो. आपलं निशाण गवताचं, बाबा. बाण कुठे लागला ते आपण बघतो, किती आत गेला ते कधी बघत नाही.

नेम धरला तिथेच तो लागला. चार बोटं आत शिरला आणि खांद्याच्या हाडात थांबला. हरणी पळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली, जिवंत. म्हाताऱ्याने सुरी काढली आणि मला म्हणाला, तिकडे बघू नका. मी बघितलं.

जिवंत प्राण्यावर बाण रोखायचा नाही, गंमत म्हणूनही नाही, हा तुमचा नियम. लहानपणी चिमणीवर नेम धरला म्हणून तुम्ही महिनाभर मला धनुष्याला हात लावू दिला नव्हता. कॉन्ट्रॅक्ट वाढायचं होतं, मॅनेजरची मर्जी राखायला गेले, असं मी म्हणू शकते. पण ते पुरतं खरं नाही. बाण सुटला तेव्हा मला आनंद झाला. कित्येक वर्षांत माझा बाण इतका स्वच्छ सुटला नव्हता. हरणी धडपडत पळत होती आणि मी अजून त्याच आनंदात होते. त्याची मला फार लाज वाटते.

वर्ग घ्यायची माझी इच्छा आहे. ठरवा मात्र तुम्ही. नको म्हणालात, तर आसावरीताईला नोकरीतून सवड नाही असं पोरांना सांगू नका. खरं कारण सांगा.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
आसावरी