कच्च्या दोऱ्यावरचा कोट

प्रिय नातवास,

अनेक आशीर्वाद.

माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले असले, तरी अर्थ कळल्यावाचून शब्द तोंडी घेऊ नये, हा माझा दंडक तुला ठाऊक आहे. लहानपणी तू दुकानाच्या दारातून मला ‘डूड’ अशी हाक मारलीस, तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणूनच वाचलास. तुझे वडील मात्र हसून हसून इस्त्रीच्या टेबलावर आडवे झाले होते.

परवा इंग्रजीचे एक प्राध्यापक जाकीट सैल करून घेण्यास आले. गिऱ्हाइकाने पोट आत ओढू नये, म्हणून माप घेताना मी त्यास बोलते ठेवतो. या खेपेस तुझा शब्द पुढे केला. ते म्हणाले, फार पूर्वी परदेशात कपड्यांचा अतोनात शौक करणाऱ्या छानछोकी तरुणास कुचेष्टेने डूड म्हणत. पुढे रानात घोड्यावर बसावयास आलेल्या नटव्या शहरी पाहुण्यास म्हणू लागले, आणि झिजत झिजत तो कोणाही मित्रास लागू झाला. शब्दाचे मूळ कोणी छातीठोकपणे सांगत नाही. काहींच्या मते तो कपड्यांच्याच एका जुन्या शब्दाचा भाऊबंद असावा. म्हणजे शिंप्यास ही शिवी नव्हेच! हे तुझ्या वडिलांस सांगावे म्हणून मी इस्त्रीच्या टेबलाकडे वळलो, आणि मग आठवले.

तुझे वडील गेल्यापासून तू फोनवर मला ‘आजोबा’ म्हणतोस, प्रकृती विचारतोस आणि फोन ठेवतोस. त्यात नाव ठेवण्याजोगे काही नाही.

आता लिहिण्याचे कारण. त्यांच्यासाठी बेतलेला करडा कोट अद्याप पांढऱ्या कच्च्या दोऱ्यावर टांगलेला आहे. अंगावर चढवून पाहिल्याशिवाय कोटास पक्की शिलाई घालावयाची नाही, हा आपल्या दुकानाचा नियम. आणि ते ट्रायलच्या आधीच गेले. तू हुबेहूब त्यांच्या बांध्याचा झाला आहेस, असे तुझी आई सांगते. खांद्यात रुंद निघालास तरी चिंता नाही, शिवणीत माया भरपूर सोडली आहे. चिंता माझ्या डोळ्यांची आहे. डॉक्टर म्हणतात, दृष्टी फार काळ टिकणार नाही. खोटे कशाला लिहू, काल सुई शेजारच्या फुलवाल्याकडून ओवून घ्यावी लागली. तेव्हा सवडीने नव्हे, लवकर ये. दारातून पूर्वीचीच हाक मार. तोंडात टाचण्या असल्या, तरी ओ देईन.

तुझाच,
डूड