काकासाहेबांचा जास्वंदीचा चहा

३ मार्च, सोमवार

आज सकाळी बळवंतराव, म्हणजे आपले काकासाहेब, म्हणाले, "आत ये." बस. तिथेच सगळं बदललं!

दोन वर्षं त्यांच्या गणपतीला आपल्या अंगणातली लाल जास्वंद पोचवतोय. फाटकावरून पुडी द्यायची, कालचं निर्माल्य घ्यायचं, चालतं व्हायचं. आई ते निर्माल्य परत जास्वंदीच्याच मुळाशी घालते, देवाचं फूल पायदळी नको म्हणून. दोन वर्षांत आत कुणी बोलावलं नाही. त्यांच्या घराण्याला देवासच्या दरबारात मान होता, आपले बाबा कारखान्यात फिटर. कुणी तोंडानं काही म्हणत नाही, पण फाटक ते फाटकच. आणि फाटकाच्या आत वैभवी! त्यांची एकुलती एक. शाळेत शिकवते, माझ्याशी अर्धं हिंदीत बोलते, तेही ओरडूनच.

आज काकासाहेब व्हरांड्यात तोंड पाडून बसलेले. गेल्या आठवड्यात चक्कर आली होती, डॉक्टरनं बीपी सांगितलं. रोज एक गोळी, जन्मभर. "जन्मभर म्हणजे काय रे? मी काय आजारी आहे?" मी म्हटलं, नाही हो. मग त्यांनी हातातलं फूल फिरवून विचारलं, "तुझी आई याचं तेल करते. बाकी काही उपयोग आहे का याचा?"

म्हटलं, चहा होतो, काकासाहेब. धारची माझी आत्या रोज पिते. बीपीला चांगला.

"आत ये. करून दाखव."

स्वयंपाकघर! वैभवी गॅसजवळ. "तू? अंदर?" मी फुलांची हिरवी टोपी काढली, मधली पिवळ्या कणांची दांडी काढली, पाकळ्या कपात टाकून वरून उकळतं पाणी ओतलं. झाकण. पाणी जांभळं झालं. मग लिंबू पिळलं — एकदम लालबुंद! वैभवी हसली. माझ्यामुळे हसली!

रात्री जेवलो नाही. भूकच नाही.

५ मार्च

तिनं केस धुतले होते. आईच्या तेलाचा वास. आज एवढंच लिहितो.

८ मार्च, शनिवार

रोज आत जातो. काकासाहेब प्रश्न विचारतात, मी उत्तरं देतो — कॉलेजात असं कुणी विचारलं असतं तर सोडलं नसतं! (तिथे प्रॅक्टिकलचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, तुझ्यासारख्यांनी गाड्या धुवाव्यात. मी बाटली आपटून निघून आलो. बीएस्सीचं दुसरं वर्ष तिथेच राहिलं. पस्तावा? नाही. थोडासा.)

आज सांगितलं — चहाला एकेरी, पाच पाकळ्यांचीच जास्वंद घ्यायची. गुच्छवाली दुहेरी दिसायला छान, पण आई तिला तेलातही घालत नाही. फूल उमललं त्याच दिवशी वापरायचं, संध्याकाळी मिटतं ते वाया. पानं वाटली की चिकट होतात, त्यानं केस धुवायचे, शिकेकाई लागत नाही. तेल करायचं तर फुलं आधी सावलीत सुकवायची. पाणी राहिलं की तेल खवट. मंद आच, फूल कुरकुरीत होईपर्यंत, मग गाळायचं.

वैभवी दारातून म्हणाली, "पूरा वैद्य बन गया है."

काकासाहेब म्हणाले, "बनू दे. डॉक्टरपेक्षा बरा बोलतो."

९ मार्च, रविवार

जिंकलो!!

कोपऱ्यावरच्या कंपाउंडरकडे काकासाहेबांचं बीपी मोजलं. मी बरोबर होतो. एकदम छान आलं. कंपाउंडर म्हणाला, "भिया, क्या खा रिये हो बाबूजी?" काकासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हा खिलाता नहीं, पिलाता है!"

त्यांच्या घरी परतल्यावर वैभवीला सांगितलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "गोळी पण घेतात ना ते. रोज मी देते."

इतका राग आला! कुणाचं चांगलं बोलताच येत नाही हिला. मी म्हटलं, गोळी सगळेच घेतात, सगळ्यांचं असं येतं का? ती म्हणाली, "अरे बाप रे, जास्वंदीचा वकील." मी निघून आलो.

अर्ध्या तासात फोन केला. तिनं उचलला. बस, झालं.

१३ मार्च

झाडाला कळ्याच कळ्या. आई म्हणते, या वर्षी हिला झालंय काय? मला माहीत आहे काय झालंय.

१९ मार्च, रंगपंचमी

आख्खं देवास लाल-गुलाबी. टेकडीच्या रस्त्यावर तर माणूस ओळखू येत नव्हता. वैभवीनं माझ्या गालावर हिरवा रंग लावला, तोही चिमटीभर — शाळेच्या बाई ना, खडूसारखा जपून वापरते!

मग लफडं. तिचा चुलतभाऊ राजवीर इंदूरहून आलेला. सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "अच्छा, ये है वो फूलवाला? हार-बीर भी बनाता है क्या?" मी त्याची कॉलर धरली. दोन बटणं तुटली. वैभवी ओरडली, "अर्पित! छोड़!" सोडली.

वाटलं, संपलं. काकासाहेब उठले, स्वतः कप भरला आणि माझ्यासमोर ठेवला. "हे तू पी. माझ्यापेक्षा तुला गरज आहे." सगळे हसले. राजवीरसुद्धा.

निघताना फाटकापर्यंत आले. हळूच म्हणाले, "पाडव्याला आईवडिलांना घेऊन ये. श्रीखंड खायला." मी म्हटलं, श्रीखंड? "अरे, कळतंय ना? वैभवीला विचारलंय मी. ती नाही म्हणाली नाही."

नाही म्हणाली नाही! नाही म्हणाली नाही!

आईला सांगितलं. आधी रडली, मग विचारलं, "मी कुठली साडी नेसू?" बाबा म्हणाले, "त्यांच्याकडे खुर्चीवर बसवतात का खाली?"

२२ मार्च, शनिवार

लिहायला नको वाटतंय. लिहितो तरी.

निर्माल्य झाडाशी घालत होतो. सुकलेल्या पाकळीला काहीतरी पांढरं चिकटलेलं. साखरफुटाणा असेल वाटलं. नाही. गोळी. अर्धी विरघळलेली. आळ्यातली माती उकरली. आणखी निघाल्या. कुणाच्या हे विचारायची गरजच नाही.

तसाच गेलो. वैभवी शाळेत. काकासाहेब पूजेला बसलेले. गोळी त्यांच्यासमोर धरली. हे काय?

"हळू बोल."

हळू कशाला बोलू?

मग सगळं कळलं. वैभवी गोळी हातावर ठेवते, पाण्याचा घोट पाजते आणि बसकडे पळते. हे गोळी गालात धरून पूजेला बसतात. "देवासमोर बसलेल्याला कुणी तोंड उघड म्हणत नाही." आणि गोळी कालच्या फुलांत! केव्हापासून? त्या रविवारपासून. बीपी छान आलं, तेव्हाच ठरवलं, आता गोळी कशाला. "तुझ्या चहानं काम केलं रे. मी अर्धवट विश्वास ठेवणारा माणूस नाही."

माझ्या चहानं! तोपर्यंत ते रोज गोळी घेत होते. गोळीनं उतरवलं, नाव माझ्या फुलाचं झालं आणि मी खांद्यावर तो हात मिरवत घरी आलो.

म्हटलं, आत्ताच्या आत्ता सुरू करा. नाहीतर वैभवीला सांगतो.

ते समईची वात पुढे सारत म्हणाले, "सांग. मग पाडव्याला मी कुणाशी बोलायचं? घरातली गोष्ट बाहेर नेणाऱ्याशी?" रागानं नाही, अगदी प्रेमानं म्हणाले. वरून खडीसाखरेचा खडा हातावर ठेवला.

मी तो खाल्ला. स्वतःचीच शरम वाटते.

२५ मार्च, मंगळवार — धार

आत्याकडे आलोय. आईनं तेलाच्या बाटल्या दिल्यात, हे कारण. खरं कारण — डोकं जागेवर नाही.

सुभद्रा आत्याच्या दारातली जास्वंद म्हणजे आपल्या झाडाची आई. आपलं कलम इथूनच आलेलं. आत्या चहा पीत होती. समोर गोळीचं पाकीट! मी विचारलं, आत्या, तू गोळीपण घेतेस?

"म्हणजे काय? डॉक्टरनं दिलीये. चहा पिते हेसुद्धा त्याला विचारलंय. गोळी बीपी धरते, चहानं मला बरं वाटतं. खारट लोणचं सोडलं ते वेगळंच."

मला तर तू फक्त चहाचं सांगितलं होतंस!

"तू विचारलंस चहाचं! बायका तेलाचं विचारतात, तेलाचं सांगते. पोटुशी असेल तिला म्हणते, चहा नको गं, तेल लाव. ज्याचं जे. फूल बिचारं काय म्हणतं का, डॉक्टर बंद करा?"

मग मी सगळं सांगितलं. पाडव्याचंसुद्धा. आत्यानं भाजीची जुडी पुढे ओढली. म्हणाली, "पोरगी कशी आहे?"

चांगली आहे. ओरडते.

"मग तिचा बाप पडला नि तुला आधीच माहीत होतं हे तिला कळलं, तर किती ओरडेल?"

मी ताडकन उठलो. आत्या म्हणाली, "बस. कॉलेजातून उठलास तसा माझ्या ओट्यावरून उठू नको. जेवून जा."

जेवलो. तिची आमटी! दोनदा घेतली. इतकं वाईट चाललंय तरी भूक लागते, हे बरं आहे.

२८ मार्च

आज काकासाहेब पाटावरून उठताना भिंत धरून उभे राहिले. डोळे मिटलेले. मी धावलो. "काही नाही, पाय बधिरला."

पायच बधिर झाला तर डोळे कशाला मिटता?

कंपाउंडरकडे चला म्हटलं, आले नाहीत. "पाडवा होऊ दे. मग घेतो गोळी. शब्द." मी म्हटलं, आज. "पाडवा होऊ दे." मी पुडी घेऊनच परत फिरलो, गणपतीला फुलं न देता. अर्ध्या रस्त्यात वाटलं, देवानं काय केलंय? परत जाऊन देऊन आलो.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी छान उभी होती त्यांच्या दारात. आईनं मोरपंखी साडी नेसलेली. बाबांना खुर्ची दिली, ते तिच्या टोकावर बसले. राजवीर नव्या शर्टात, मला डोळा मारला. वैभवी अबोली रंगात. मी बघितलं नाही. खोटं — बघितलंच.

श्रीखंडाच्या वाट्या आल्या. काकासाहेबांनी घसा खाकरला. "सुभद्राबाईंचं कलम, यांच्या अंगणातलं झाड आणि आमचा गणपती, असा हा जुना संबंध. तेव्हा..."

आणि मी उभा राहिलो. ठरवलं नव्हतं. देवाशप्पथ, ठरवलं नव्हतं.

म्हटलं, काकासाहेब गोळी घेत नाहीत. त्या रविवारपासून. निर्माल्यात टाकतात. मला आठ दिवसांपासून माहीत आहे आणि मी बोललो नाही, कारण मला आजचा दिवस हवा होता. परवा ते पडता पडता राहिले. चहा गोळीच्या जागी नाही चालत. मीच शहाणपणा मिरवला.

आई म्हणाली, "अर्प्या..."

काकासाहेब एवढंच म्हणाले, "बाहेर हो."

वैभवीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बापाकडे बघत होती. मग आत गेली, पाण्याचा तांब्या आणि पाकीट घेऊन आली, त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. गोळी हातात दिली. "आ करा." त्यांनी घेतली. "जीभ दाखवा." त्यांनी दाखवली, लहान पोरासारखी. ती रडत होती.

आम्ही तिघं पायी घरी. आईनं पूर्ण रस्ता पदर तोंडाशी धरलेला. बाबा कोपऱ्यापर्यंत पुढे पुढे चालत होते. मग म्हणाले, "श्रीखंड तरी खाऊ द्यायचं होतंस."

आई फिस्सकन हसली. मग आम्ही सगळेच. भर रस्त्यात!

झोप मात्र छान लागणार. का, कुणास ठाऊक.

२ एप्रिल

वैभवीचा मेसेज. तसाच उतरवतो — "गोळी चालू. बीपी बहुत हाई निकला. नया डॉक्टर, शनिवार को दिखाना है. सबके सामने बोलना ज़रूरी था? थैंक यू नहीं बोलूँगी."

मी लिहिलं, मत बोल.

खाली तिनं एवढंच पाठवलं — "फूल?"

म्हटलं, तुझे बाबा बोलावतील तेव्हा. माझा पण काही मान आहे. (पाठवल्यावर लगेच वाटलं, गाढव!)

आज आईबरोबर दिवसभर तेल काढलं. पहिल्यांदाच एकही घाणा करपला नाही. आई म्हणाली, "तुझं लक्ष कामात आहे, असं मी पहिल्यांदा बघते." कॉलेजच्या साइटवर बघितलं, दुसऱ्या वर्षाचा फॉर्म जूनमध्ये निघतो. नुसतं बघितलं.

५ एप्रिल, शनिवार

दुपारी फोन. अनोळखी नंबर. उचलला तर काकासाहेब!

दवाखान्यातून. वैभवीच्या शाळेत परीक्षा, म्हणून एकटेच रिक्षानं गेले. तिला सांगितलंय, राजवीर येणार आहे बरोबर. राजवीर इंदूरला! बीपी अजून चढलेलं आहे, रात्रभर ठेवून घेणार, घाबरण्यासारखं नाही. पण नर्स म्हणते, सोबत कुणीतरी पाहिजे.

मी म्हटलं, वैभवीला फोन करा.

"करतो ना. आधी तुला केला." मग — "मी तुझं नाव लिहिलंय. ही बाई विचारतेय, तो तुमचा कोण?"

मागून नर्सचा आवाज येत होता, "बाबूजी, जल्दी बताइए."

मी म्हटलं, तुम्हीच सांगा, काकासाहेब.

ते म्हणाले, "तू आधी ये. गोळीची वेळ झालीये. तुझ्यासमोर घेतो. मग लिहू काय ते."

चपला घातल्या, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.