माझी वडील कन्या

मी, खाली सही करणारा, धंद्याने दुकानांच्या पाट्या रंगवणारा, कुणाचा दबाव नसताना आणि डॉक्टरांनी आज सकाळीच "डोकं शाबूत आहे, हात तेवढा कापतो" असा निर्वाळा दिल्यावर, हे मृत्युपत्र करून ठेवतो. यापूर्वी केलेले नाही. कंटाळा, दुसरे कारण नाही.

कलम १. राहते घर, पुढच्या खोलीतील दुकानासह, माझ्या मुलीला व धाकट्या मुलाला समसमान. मागच्या भिंतीवरून भांडू नये. ती तशीही पडायला आली आहे.

कलम २. बँकेतील शिल्लक आधी माझ्या अंत्यविधीला. उरेल ते धाकट्याला, कारण त्याला कधीच पुरत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

कलम ३. ब्रश, रंगाचे डबे, आखणीची दोरी व हात टेकवायची काठी, हेही धाकट्याला. तो फलक संगणकावर छापतो आणि माझ्या ब्रशांना "म्युझियमचा माल" म्हणतो. तरी घ्यावा. बारीक ब्रशाचे काम कलम ५ मध्ये सांगितले आहे.

कलम ४. आमच्या चर्चच्या मंडळीचे माजी सचिव, निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे मागून "व्याकरण" म्हणतात, त्यांना माझी आरामखुर्ची. आमचे बोलणे बंद आहे. का, ते इथेच लिहितो.

चर्चच्या दाराशी "मंडळीचे वडील" असा फळा आहे. कारभार पाहायला जे निवडून येतात, त्यांची नावे त्यावर मीच रंगवत आलो. माझ्या दिवंगत पत्नीचे नाव सुचवले गेले, तेव्हा व्याकरण उठून म्हणाले, "बाईंबद्दल आदर आहे. पण वडील शब्द पुल्लिंगी. बाई वडील कशी होणार? उद्या म्हणाल, आई दाढी करते!" सगळे हसले. मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्याचे नाव निघाले आणि ते मीच रंगवले, तिच्याच हातचा चहा पिऊन.

ती एवढेच म्हणाली, "असू द्या हो. आजारी माणूस दार उघडताना माझं लिंग-वचन विचारत नाही." आणि जात राहिली. ज्यांचे कुणी नाही त्यांच्या उशाशी बसली. व्याकरणांची बायको अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचे केस विंचरायलाही हीच जायची. वडिलांचे सगळे काम तिने केले, फळ्यावर मात्र कधी आली नाही. खुर्ची देतो, कारण पत्नीने जाण्यापूर्वी तसे सांगून ठेवले. माझ्या मनाने दिली असती तर एक पाय कापून दिली असती.

कलम ५. माझ्या आईचे पवित्र शास्त्र (बायबल) व पत्नीची छत्री मुलीला. आईला अक्षरओळख नव्हती. शास्त्र मांडीवर उघडून ती स्तोत्रे तोंडपाठ म्हणे, पुष्कळदा पुस्तक उलटे धरून. नात म्हणायची, "आजी, उलटं आहे गं!" "असू दे. देवाला सरळ दिसतं." छत्री घेऊन पत्नी घरोघर जाई आणि ही मुलगी तिचा पदर धरून मागे.

आता मंडळीने मुलीलाच वडील होण्याची विनंती केली आहे. माणसे नवी आहेत, त्यांनी व्याकरण काढलेच नाही. उत्तर उद्या उपासनेनंतर द्यायचे आहे. काल ती माझ्यापाशी बसून म्हणाली, "बाबा, विश्वास मला आजीनं दिला. तो वापरायचा कसा, ते आईनं दाखवलं. मग जे आईला दिलं नाही, ते मी कोणत्या तोंडानं घेऊ?"

आज वकिलांनी मसुदा आणला. त्यात त्यांनी आपल्या नेहमीच्या सवयीने लिहिले होते, "माझी वडील कन्या हिला". मी तिथेच अडकलो. अहो, हा शब्द बाईला लागतो! वडील बहीण म्हणतोच की आपण. माझी पत्नीच तिच्या घरची वडील बहीण होती. उभे राहून एवढे एक वाक्य बोलायचे होते, ती ऐकायला होती तेव्हा. आता सुचून काय उपयोग? याचे मला फार वाईट वाटते, आणि ते कोणत्याही कलमात बसत नाही.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे कलम मात्र मी आजच मुलीला वाचून दाखवणार आहे. बाळ, अट घालत नाही. तुझा वाटा तुझाच. पण हो म्हण. आईचे राहिले म्हणून तूही सोडलेस, तर आई दुसऱ्यांदा राहील. नाव धाकट्याने माझ्या बारीक ब्रशाने, हाताने लिहावे, आणि वर एक ओळ कोरी सोडावी. कुणी विचारले तर ती कुणाची ते सांगावे.

स्थळ: दुकानाची खोली. दिनांक: निवडीआधीचा शनिवार.

सही (कापरी आहे, पण माझीच).

साक्षीदार १: आमचे डॉक्टर. सही.

साक्षीदार २: शेजारी घरी नव्हते, म्हणून डॉक्टर मला न विचारता व्याकरणांना घेऊन आले. त्यांनी सगळे वाचले, माझा एक अनुस्वार दुरुस्त केला. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, खुर्ची जाईल. ते म्हणाले, "जाऊ दे. पेन द्या." सही. तिच्याखाली त्यांच्या हस्ताक्षरात:

"‘वडील कन्या’ हा प्रयोग शुद्ध आहे. तेव्हाही होता."