ब्लॉगवाले पाहुणे मंडईला येणार

८ ऑक्टोबर
संकल्प. आजपासून रोज डायरी. ब्लॉग जगासाठी, डायरी आपल्यापुरती. हिच्यात खोटं लिहायचं नाही.

ब्लॉग जोरात. मिक्सरच्या पोस्टवर माझ्या तिन्ही ब्लॉगमित्रांच्या कमेंट. नाशिकच्या रश्मीताई म्हणतात, आमचाही नेमका चटणीच्याच वेळी रुसतो. रायपूरच्या लोकेंद्रजींनी खालचं लाल बटण दाबायला सांगितलं. दाबलं, चालू! चंद्रपूरचे शालीकरामजी म्हणे पूर्वी बँकेत मिशीला पीळ देऊन बसायचे, आता ओटीपी वाचून घ्यायला नातवाच्या मागेमागे फिरतात. खूप हसलो. घरात एकटाच होतो, तरी मोठ्यानं हसलो.

शेजारचा ग्यानीराम ओट्यावर येऊन बसला. का करून राहिले कंट्रोलर साहेब, म्हणे. म्हटलं, चर्चा चालू आहे, मधात बोलू नको. तरी अर्धा तास बसला. लिहिणाऱ्या माणसाला शेजार नसावा.

११ ऑक्टोबर
केशोरीची मंडई २ नोव्हेंबरला ठरली. दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई. दिवसा बाजार अन् दंडारीचा नाच, रात्री नाटक, अन् घरोघरी पाहुणे. मंडईच्या दिवशी ज्याच्या दारात परक्या चपला नाहीत त्याला लोक काही म्हणत नाहीत, फक्त पाहतात.

बायको राजकुमारी होती तेव्हा तिचे भाऊ-भाचे यायचे, अंगणात दुसरी चूल मांडावी लागे. मी कुरकुर करायचो. ती गेली अन् ते यायचे बंद झाले. मागच्या मंडईला दिवसभर आतून कडी लावून बसलो, गावाला गेलो असं लोकांना वाटावं म्हणून. फार वाईट गेला तो दिवस.

यंदा नाही. डोक्यात आयडिया आली आहे.

१३ ऑक्टोबर
ब्लॉगवर जाहीर आमंत्रण टाकलं, शिवाय तिघांना वेगळा मेसेज. रिझल्ट एका तासात! रश्मीताई: अंगठा. लोकेंद्रजी: अंगठा अन् जोडलेले हात. शालीकरामजी: 'नक्की प्रयत्न करतो.' म्हणजे तिघंही पक्के. अर्जुनी मोरगावच्या एसटी स्टँडवर तीस वर्षं कंट्रोलर होतो, येणारी गाडी कोणती अन् न येणारी कोणती हे मला माइक हातात घ्यायच्या आधी कळायचं. (सडक अर्जुनीची गाडी सोडून. तिचा दोष माझा नाही.)

१६ ऑक्टोबर
भाग्यश्रीचा पुण्याहून फोन. बाबा, मंडईला येऊ का, सुट्टी टाकते म्हणाली. म्हटलं, या खेपेला जागा नाही बेटा, दोन्ही खोल्या फुल आहेत. तू थंडीत ये. कोण येऊन राहिलं विचारलं. म्हटलं, साहित्यिक मंडळी. अस्सं का, म्हणाली अन् फोन ठेवला. अभिमान वाटला असेल. ब्लॉग तिनंच काढून दिला होता शेवटी.

२० ऑक्टोबर, दिवाळी
दिवे लावले. चार. सहा लावणार होतो, पण वाऱ्यानं विझतात.

'केशोरीला कसे यावे' ही पोस्ट टाकली. रस्त्यानं येणाऱ्यांनी कोहमाऱ्याला उतरून ढाब्यावर चहा घ्यावा, रेल्वेनं येणाऱ्यांनी अर्जुनीला उतरावं, पुढच्या गाड्या कोणत्या, खिडकी कोणत्या बाजूची धरावी, सगळं दिलं. रश्मीताईंची कमेंट: 'इतकं छान लिहिलंय की येऊन गेल्यासारखंच वाटलं.' अजून यायचंच आहे अन् ही तारीफ!

२५ ऑक्टोबर
ग्यानीराम आला. त्याच्याकडे तिन्ही जावई बालबच्च्यांसकट येऊन राहिले, तर साहेब तुमची एक खोली भेटन का, म्हणे. साफ नाही म्हटलं. उलट त्याच्याच तीन गाद्या मागून घेतल्या. दिल्या त्यानं, स्वतः डोक्यावर आणून टाकल्या. मग म्हणे, तुमचे हे पाहुणे सासरकडचे का माहेरकडचे? म्हटलं, इंटरनेटकडचे. हव का, म्हणाला अन् बिडी विझवून गेला. समजलं नाही त्याला.

२९ ऑक्टोबर
कोणी टायमिंग कळवलं नाही. मोठी माणसं आधी कळवत नसतात.

शालीकरामजींच्या ब्लॉगवर गुडघेदुखीची पोस्ट. नी-कॅप लावून येतील. रश्मीताईंच्या ब्लॉगवर दोन तारखेला भाचीचं डोहाळजेवण आहे असं दिसतं. सकाळी लवकर आटपून निघतील. लोकेंद्रजींनी नवा फोन घेतला, त्याच्यावरच लिहून राहिले. मी कमेंट टाकली, 'मंडईत दाखवा.' अंगठा आला.

संकल्प: दर दहा मिनिटांनी फोन पाहायचा नाही.

१ नोव्हेंबर
सगळं तयार. मंदाबाईला लाखोरी डाळीच्या साठ वड्यांची ऑर्डर दिली. बाथरूममध्ये नवीन साबण, कागद न काढता.

आजच मोठं काम उरकलं. उद्या पाहुणे सोडून लिहीत बसणं शोभत नाही, म्हणून मंडईची पोस्ट आजच लिहून ठेवली. लोकेंद्रजींनीच शिकवलं होतं: पोस्ट लिहायची, तारीख-वेळ टाकायची, ती आपोआप छापून येते. उद्या संध्याकाळी पाचची वेळ टाकली. शीर्षक 'अशी रंगली आमची मंडई'. दंडार पाहताना मित्रांनी धरलेला ठेका, वड्यांवरून झालेली भांडणं, गप्पा मारतामारता थंड झालेला चहा, सगळं आलं. नाव मात्र कोणाचंच घातलं नाही. एकाचं आधी आलं तर दुसरा रुसतो. शेवट केला, 'सगळे हातपाय धुऊन राहिले, आता नाटकाला निघतो.' वाचताना माझेच डोळे भरून आले. इतकं चांगलं मी आजवर लिहिलं नव्हतं.

२ नोव्हेंबर, सकाळी ९
वडे आले. इस्त्रीचा शर्ट घालून स्टँडवर निघालो. भाग्यश्रीनं मेसेज केला, बाबा, फोटो पाठवा. पाठवू.

दुपारी १
पहिली गाडी खच्चून भरलेली. दुसरीही. पोरं, पिशव्या, नव्या साड्या. सगळ्या गावाचे पाहुणे उतरले. एक माणूस सरळ माझ्याकडे आला, हसला. मी दोन्ही हात पुढे केले. ग्यानीरामचं घर कोणतं, म्हणे. त्याचा धाकटा जावई होता. दाखवलं.

दुपारी ४
तिघांना मेसेज केले. शालीकरामजींचं उत्तर: गुडघा. लोकेंद्रजींचं: जोडलेले हात. रश्मीताईंनी पाहिला नाही, ओटी भरत असतील.
माइक असता तर जाहीर केलं असतं, की चंद्रपूर, रायपूर, नाशिककडून येणारे पाहुणे आज येणार नाहीत, प्रवाशांनी कृपया ताटकळू नये. कोणीच नाही आलं. बापा, कोणीच नाही.

संध्याकाळी ६
घरी येऊन पडलो तर फोन टणटण वाजून राहिला. पोस्ट! पाचला आपोआप सुटली. पार विसरलो होतो.

पुसायला गेलो. तोवर कमेंट येऊन बसल्या होत्या. रश्मीताई: 'मला जमलं नाही, दिवसभर मन खात होतं. पण बाकीचे सगळे पोहोचले हे वाचून जीव भांड्यात पडला. तुम्ही एकटे राहिला असता तर मला जेवण गेलं नसतं.' शालीकरामजी: 'मीच करंटा. सगळे गेले, मी तेवढा राहिलो.' लोकेंद्रजी: 'मी सोडून सगळ्यांनी मजा केली! फोटो टाका.' मग एकमेकांच्या कमेंट न वाचताच तिघंही एकमेकांना विचारून राहिले की वडे कशे होते, अन् एकमेकांच्या नशिबाचा हेवा करून राहिले. माझ्या ब्लॉगवर इतकी गर्दी कधी झाली नव्हती.

आता पुसू कशी? रश्मीताई जेवायच्या राहतील.

साठ वडे तसेच. ग्यानीरामच्या घरी माणसं मावत नव्हती, अर्धी माझ्या ओट्यावर येऊन बसली होती. टोपली त्यांच्यासमोर ठेवली. पाहता पाहता फडशा. जावई हसले तेव्हा फोटो काढला. ग्यानीराम हाताला धरून म्हणे, तुमीबी बसा ना साहेब, काऊन उभे? म्हटलं, मला काम आहे. आत येऊन फोटो ब्लॉगवर टाकला. गाद्याही परत नेल्या त्यानं. विचारूनच नेल्या.

३ नोव्हेंबर
कमेंटच कमेंट. रश्मीताई विचारतात, 'यातले तुम्ही कोणते? आम्ही तुम्हाला कधी पाहिलंच नाही.' लिहिलं, 'फोटो मीच काढला ना.' लोकेंद्रजींचा अंगठा आला.

दहाला भाग्यश्रीचा फोन. पोस्ट वाचली म्हणाली, छान लिहिली म्हणाली. मग म्हणे, बाबा, फोटोत तर ग्यानीरामकाकांचे जावई आहेत, मागं आपला ओटा आहे. मी म्हटलं, हव, तेबी होते. म्हणे, अन् बाकीचे? मी म्हटलं, वडे मस्त झाले होते. मग हळूच म्हणाली, बाबा, मी सुट्टी टाकली होती, तुम्ही नाही म्हटल्यावर रद्द केली. काल कोण आलं होतं, खरं सांगा.

मी म्हटलं, आवाज तुटून राहिला, इकडे नेटवर्क नाही. अन् फोन ठेवला.

नेटवर्क फुल होतं.