अननसाखालचं नक्षत्र

मास्तर, तुमच्या एका शब्दकोड्याबद्दल मला शंका आहे. कोडी गणिताच्या मास्तरांनी घालावीत आणि शंका संस्कृतवालीने काढावी, याची तुम्हाला गंमत वाटेल, वाटू दे. रविवारी सकाळी वाचनालयाच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर तुम्ही खडूने घरं आखायचात. आदल्या दिवशी तेच कोडं पार्शे गावातल्या तुमच्या घरी स्वयंपाकघरातल्या जमिनीवर जुळवलेलं असायचं, काळ्या घरांच्या जागी चिंचोके. तुमच्या बायकोचा, आमच्या काकींचा, तव्याकडे जायचा रस्ता त्यातूनच. "एक दीस ह्या कोड्याची आमटी करतलंय," त्या म्हणायच्या. तुम्ही मान वर न करता सांगायचात, "कर, पण कोपऱ्यातलो चिंचोको हलवू नको."

फळ्याचा नियमही तुमचाच. एका माणसाने एका रविवारी एकच शब्द लिहायचा, आणि दुसऱ्याला उत्तर सुचवायचं नाही. मी तेव्हा तुमच्या शाळेत नव्याने रुजू झालेले, साऱ्या जगाला धातुरूपं येत असावीत अशा समजुतीत. नियम ऐकून मी विचारलं, "आणि एखाद्याला सगळंच येत असेल तर?" तुम्ही म्हणालात, "त्याने घरी बसावं, बाई. त्याला आमची काय गरज?" तो टोला माझ्यासारख्याच विद्वानांसाठी होता, हे कळायला मला बसथांब्यापर्यंत चालावं लागलं.

मग गोव्यात राजभाषेचं आंदोलन आलं. मराठी की कोकणी, यावरून गावात माणसं एकमेकांच्या दारावरून मान वळवून जाऊ लागली. वाचनालयाच्या बाकावर शेजारी बसून एका कागदातली भजी खाणारे आपले दोघे, बियाणं विकणारे दुकानदार आणि समोरचा शिंपी, एकमेकांशी बोलेनासे झाले. दुकानदार मराठीचे, शिंपी कोकणीचा. बाक मधोमध रिकामा राहायचा. त्याच सुमारास वाचनालयाचीही वाटणी करायचं बोलणं निघालं होतं, अर्धी कपाटं इकडे, अर्धी तिकडे.  तेव्हापासून तुमचं जेवण कमी झालंय, असं काकी मला म्हणाल्या.

तो रविवार मला अजून दिसतो. फळा भरत आला आहे. माझा शब्द मी आल्या आल्या उधळून बसले आहे. शिंप्याने आडवा "अननस" लिहिला आहे; सूत्र होतं, फिरंग्यांनी आणलेलं तुरेवालं फळ. त्याच्या "अ"पासून खाली जाणारा उभा शब्द तेवढा उरला आहे: नक्षत्रांतलं पहिलं, तीन अक्षरी. आणि शब्द न लिहिलेले एकटे दुकानदार उरले आहेत. ते फळ्यापुढे उभे राहतात, घसा साफ करतात आणि सभेतल्यासारख्या शुद्ध मराठीत मला म्हणतात, "बाई, कृपया त्यांना सांगा, त्यांचं अक्षर चुकलं आहे. पहिलं नक्षत्र रोहिणी. लोक माझ्याकडे बी न्यायला येतात ते रोहिणीच्या तोंडावर."

अश्विनी माझ्या जिभेवर आली होती, मास्तर. नियम म्हणून गिळली. पेरणीचं पहिलं ते आकाशातलं पहिलं, ही चूक बियाणंवाल्यालाच शोभते.

शिंपी मला म्हणाला, "बाये, तेंका सांग, अननस पुसूक गावचो नाय." मग त्याने फळ्याकडे पाहिलं, मनातल्या मनात अक्षर बदलून बघितलं आणि माझा मध्यस्थ म्हणून असलेला हुद्दाच काढून घेतला. "अरे, रोननस? रोननस खंय पिकता रे? तुज्या परसात?"

"तू गप रव!" दुकानदार ओरडले. "सुयेत दोरो घाल तू! जल्मात कधी भात पेरलंस?"

मराठीसाठी मोर्चात घोषणा देणारे दुकानदार भांडले ते शिंप्याच्याच बोलीत, आणि हे त्या दोघांखेरीज सगळ्यांच्या ध्यानात आलं. दोघे पंचांग बघायला म्हणून दुकानाकडे निघाले, रस्ता ओलांडतानाही भांडत. बराच वेळ कुणी परतलं नाही. मग दुकानातून चहा सांगितल्याची हाक ऐकू आली. वाटणीचं बोलणं त्यानंतर निघालं ते थट्टेतच. तुम्ही कोपऱ्यात बसून गणिताच्या वह्या तपासत होतात, आणि एकदाही वर पाहिलं नाहीत.

माझी शंका ही. दुकानदार रोहिणीच म्हणणार, हे तुम्हाला ठाऊक होतं का? आणि ते घर शेवटपर्यंत रिकामं राहून त्यांच्याच वाट्याला येईल, हे कसं जुळवलंत? की काहीच जुळवलं नव्हतं? तुमच्यामागे फळा माझ्याकडे आला. न बोलणारी माणसं गावात आजही आहेत, आता जमिनीवरून, निवडणुकीवरून. मी त्यांच्यासाठी एकमेकांना छेदणारे शब्द बेतते. पण ती आपापला भलताच शब्द लिहून सुखाने घरी जातात.

तुम्ही हयात असताना मी हे विचारलं नाही. आज उत्तर मिळायची भीती नाही, म्हणून विचारते आहे. तो निव्वळ योगायोग होता, असं तुम्ही म्हणाला असतात, तर पुढच्या रविवारी खडू हातात घ्यायला मला जड गेलं असतं.