थकव्याचे कारण

सन्माननीय डॉ. सावार्ड,

मी वॉल्टर हनिशेव्स्की, लेखापरीक्षक, तुमची सोळा वर्षांची रुग्ण टेसा हिचा बाप. माझा एक अपराध कळवण्यासाठी हे लिहीत आहे.

हृदयाची लय सांभाळणाऱ्या गोळीने थकवा येऊ शकतो, हे सांगूनच टेसाचा होकार घ्या, असे तुम्ही बजावले होते. तिने विचारले, “बाबा, हॉकीतला वेग कमी नाही ना होणार?” ती नकार देईल या भीतीने मी म्हणालो, “मुळीच नाही.”

काल ती हसत म्हणाली, “बाबा, आता गोलकीपरसुद्धा मला मागे टाकते. फार आळशी झालेय मी!”

मी खरे कारण सांगितले नाही. आज पहाटे तिला जादा सराव हवा होता, आणि मी तिला इथे बर्फावरच्या हॉकीच्या रिंकवर आणून सोडले.

वॉल्टर हनिशेव्स्की
रिंकबाहेर, थंडर बे
९ फेब्रुवारी