येसर आणि मेल

आई, आज तुझ्यावर चिडले आहे, आणि तू नाहीस म्हणून आवाज चढवायचीही सोय उरलेली नाही.

मी स्वयंपाकाचे व्हिडिओ करते. तुमचा मसाला वापरून दाखवते, मानधन द्या, असे मेल कंपन्यांना पाठवते. शिकवणारे सांगतात, मेल छोटा ठेवा, आधी त्यांच्याबद्दल लिहा. हे मला तुझ्यामुळंच ठाऊक होतं. अजून दिसतं, आपल्या बरकतपुऱ्याच्या घरातल्या त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात तू आमटीच्या येसराचा मसाला भाजते आहेस, आणि कोठीच्या बाजारातल्या दुकानात आपली पुडी विकायला नेण्याआधी त्याच दुकानातला मसाला आणून आमटी करून बघते आहेस. "त्याचं खाल्ल्याबिगर आपलं कसं पुढं करावं?"

मीही तसंच केलं. एका कंपनीचा काळा मसाला आणला, रांधला आणि लिहिलं: मसाला झकास आहे, पण आमटीत दबतो. आमच्याकडे येसरात भाजलेले तीळ घालतात, वर चिंचेचा कोळ, सोबत खड्या मसाल्याच्या फोडणीचा बगारा भात. हे करून दाखवते. "छान कल्पना, कळवतो," असं उत्तर आलं. काल त्यांचा व्हिडिओ पाहिला. एक प्रसिद्ध बाई तीळ भाजतेय, चिंच कोळतेय, शेजारी बगारा भात. वर म्हणते, ही माझ्या आजीची पद्धत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुठली आजी? शेजारच्या तेलुगू काकूंच्या सालनाच्या रश्शातले तीळ आपल्या आमटीत घालून बघणारी तू होतीस.

आणि सगळं आधीच सांगून टाकायची ही सवय तूच लावलीस. कोठीतला तो दुकानदार म्हणाला होता, "अम्मा, बनाते कैसा, बोलो ना, गिऱ्हाकां पूछते." तू गल्ल्यापाशी उभी राहून सगळं सांगितलंस. थोड्याच दिवसांत त्याच्या स्वतःच्या पुड्या दारात लटकल्या आणि तुझं तिथलं गिऱ्हाईक तुटलं. मी रस्त्यातच भांडले, तर तू म्हणालीस, "सांगितल्यानं माझा हात जातो का त्याच्याकडं?" हात नाही गेला, आई. दुकान गेलं. मला अजून राग येतो त्याचा.

आज दुसऱ्या कंपनीला लिहायला बसले. 'आमच्या घरची एक खास पद्धत' एवढंच लिहिलं. वाचलं, तर अगदी चिकटपणाचं वाटलं. मग तीळ, चिंच, भात, सगळं लिहिलं. पहिल्याच ओळीत 'ही माझ्या आईची पद्धत' असं घातलं आणि मेल पाठवून दिला.

तीळ भाजताना तू मेथीचे दाणे टाकायचीस, ते मात्र लिहिलं नाही. ते फक्त तुला लिहिते आहे, आणि तुला तर ते ठाऊकच आहे.